शॉमबर्गचा बुरूज

कुंपणाच्या कडेला सहाशे बारा दगड होते. कादंबरीने ते दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा सहाशे नऊच भरले होते. मुठीएवढे तीनशे चाळीस, नारळाएवढे दोनशे एकेचाळीस आणि कोपऱ्यांसाठी निवडून बाजूला ठेवलेले चपटे एकतीस. शेजारी वाळूच्या चौदा पिशव्या. झाकणाची दोन पिंपं, त्यांत ऑगस्टपासून चुना पाण्याखाली मुरत पडलेला. गॅरेजच्या फळीवर तीन किलो गूळ, दोन किलो उडीद, हिरड्याची एक पिशवी, दोन थाप्या, एक ओळंबा आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात अडतीस मावळे. त्यांपैकी सात जणांच्या हातात तलवार नव्हती आणि एकाला डोकं नव्हतं.

तिने हे सगळं वहीत लिहिलं, वर तारीख घातली. चौदा सप्टेंबर.

"मोजलेस?" रवींद्रकाकांनी खुर्चीतूनच विचारलं. "गवंड्याने दगड मोजलेले मी आजवर पाहिले नाहीत."

"मी कुठे गवंडी आहे काका? मी लॅबवाली."

"तेच म्हणतोय मी."

कादंबरी नागपूरची. भूशास्त्रात पदवी घेऊन ती अमेरिकेत आली, एमएस केलं, आणि शिकागोजवळच्या शॉमबर्गपासून दहा मिनिटांवरच्या एका लॅबमध्ये तिला नोकरी लागली. पुलांचं, पार्किंगच्या इमारतींचं काँक्रीट तिथे तपासायला येई. जून महिन्यापासून ती काकांच्या घराच्या तळघरात भाड्याने राहत होती. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनियर. चाळीस वर्षं शिकागोत इमारतींचे सांगाडे काढण्यात गेली. पण मराठी मंडळात त्यांची ओळख एकच, किल्लेवाले काका. दर दिवाळीला त्यांच्या मागच्या अंगणात मातीचा किल्ला होई आणि दिवाळीआधीच्या शनिवारी मंडळातली घरंच्या घरं तो बघायला येत. मुलं मावळे मांडत, मोठी माणसं चकल्या खात आणि काका हातात काठी घेऊन गड दाखवत.

यंदा मात्र काकांनी माती बाजूला ठेवली होती. दोन मीटर लांब, कमरेएवढी उंच, खऱ्या दगडाची भिंत आणि तिच्या टोकाला अर्धगोल बुरूज. सगळं चुन्यात. सिमेंट नावालाही नाही.

"शेजारचा तो माणूस विचारत होता," शोभनाकाकू स्वयंपाकघराच्या जाळीतून म्हणाल्या. "पिझ्झा ओव्हन बांधताय का म्हणे. मी हो म्हटलं. किल्ला म्हटलं असतं तर सोसायटीकडे तक्रार गेली असती."

"ओव्हन म्हणालीस?" काका दुखावले.

"मग काय सांगू? आमच्या यजमानांना औरंगजेबाची भीती वाटते म्हणून?"

चुना कालवायचा तर सकाळी. आधी हिरड्याचं पाणी, मग गुळाचं. भिजवलेले उडीद वाटून घ्यायचं काम काकूंच्या मिक्सरला. त्या ते करायच्या, पण न बोलता कधीच नाही. "लाडवाला ठेवलेला गूळ भिंतीला चालला. या घरात भिंतीचे जास्त लाड आहेत." काका हसायचे. कादंबरी हातमोजे घालून, ठरलेल्या मापाने वाळू आणि चुना घमेल्यात मळत राहायची. प्रत्येक खेपेचा थोडा चुना ती प्लॅस्टिकच्या साच्यांत भरून ठेवी. लॅबमध्ये दाबून बघायला.

एक एक थर चढताना काका किल्ल्याबद्दल बोलत. पुस्तकात असतं तसं नाही, तिथे राहून आल्यासारखं. दरवाजा कधी सरळ समोर ठेवायचा नाही, वाट दोनदा वळवायची, म्हणजे हत्तीला धावायला जागा मिळत नाही. भिंतीतली बंदुकीची भोकं, जंग्या, आतून रुंद आणि बाहेर अरुंद, आणि खाली झुकलेली, कारण शत्रू पायथ्याशी असतो, आभाळात नाही. दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, तिथे माणसं जेवायची, झोपायची, जुगार खेळायची, भांडायची.

"आणि गड पडतो कशाने सांग," ते विचारायचे.

"तोफेने?"

"टाक्यातलं पाणी संपलं की पडतो. नाहीतर आतल्या कुणीतरी दार उघडलं की. तोफेने पडलेले गड थोडे."

असंच एका शनिवारी, भिंतीचा पाचवा थर चालू असताना, त्यांनी तिला कृष्णा गवंड्याची गोष्ट सांगितली. विचारलं नसताना.

काका तेव्हा चोवीस वर्षांचे, नवी कोरी डिग्री. साताऱ्याच्या बाजूच्या एका किल्ल्याच्या डागडुजीवर एका कंत्राटदाराने त्यांना नेमलं होतं. किल्ल्याचं नाव ते सांगत नसत. बुरुजाचे सांधे भरायचे होते. कृष्णा साठीचा, पिढीजात गवंडी. त्याने तिथे चुन्याची घाणी मांडली, बैल लावला, आणि दगडी चाक दिवसदिवस फिरत राहिलं. एक मे रोजी पाहुणे येणार होते, त्याआधी बुरूज दिसायला हवा होता. काकांनी हिशेब केला. कृष्णाच्या पद्धतीने जून उजाडला असता.

"मी त्याला म्हणालो, मामा, तुमची घाणी फिरेपर्यंत माझं लग्न होऊन पोरं होतील. सगळे हसले. तोही हसला. मग म्हणाला, साहेब, सिमेंट पाणी आत कोंडतं. दगडाला श्वास लागतो. मी म्हणालो, दगडाला श्वास लागत असेल तर त्याला दवाखान्यात न्या. पुन्हा सगळे हसले. या खेपेला तो हसला नाही."

"मग?"

"मग सिमेंट. अकरा दिवसांत काम संपलं. पाहुण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली." काकांनी हातातला दगड फिरवून बघितला, परत ठेवला. "इकडे आल्यावर सहा वर्षांनी सुट्टीला गेलो होतो. वर चढलो. बुरुजाची बाहेरची अख्खी बाजू खाली दरीत. शेजारची भिंत, जिला मी हात लावला नव्हता, ती जागेवर. कृष्णा तोवर गेला होता. सांगणार कुणाला, तू बरोबर होतास म्हणून?"

 कादंबरीने ओळंबा सोडून भिंत तपासली. तीन मिलिमीटर बाहेर होती.

"एकदा तरी त्याने सांगितलं तसं करून बघायचंय," काका म्हणाले. "बाकी काही नाही."

भिंत पाच ऑक्टोबरला पुरी झाली. बुरुजाचे दोन थर बसले. आणि नऊ तारखेला काकांना ताप चढला, श्वास लागला. न्यूमोनिया. आठ दिवस दवाखान्यात. घरी आले ते काठीवर नाही, वॉकरवर. मागच्या खिडकीशी त्यांची खुर्ची लावली, तिथून ते अर्धा बुरूज बघत बसत.

"आता राहू दे तो," ते कादंबरीला म्हणाले. "चुन्याला थंडी चालत नाही. मेमध्ये बघू."

"पण काका, मंडळाची माणसं यायची आहेत ना दिवाळीला."

"येऊ देत की. अर्धा बघतील. गड काय एका दिवाळीत बांधून होतात?"

त्याच संध्याकाळी कादंबरी भांडी पुसत असताना काकू नळ बंद न करताच म्हणाल्या, "हार्ट पंचवीस टक्के चालतंय म्हणे. नॉर्मल पंचावन्न-साठ असतं. डॉक्टर म्हणाले, बघू." मग त्यांनी नळ बंद केला. "मे म्हणतात. मे कुणी बघितलाय?"

पंचवीस हा आकडा कादंबरीच्या डोक्यात बसला. आकडे तिच्या डोक्यात बसतच. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने जपून ठेवलेले चुन्याचे ठोकळे यंत्राखाली घातले. अठ्ठावीस दिवसांचा ठोकळा हाताने सोलता येईल इतका कच्चा. त्याच चुन्यात एक भाग सिमेंट घालून तिने आणखी तीन ठोकळे केले, उगाच, कुतूहल म्हणून, असं ती स्वतःला म्हणाली. एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू. सात दिवसांत ते दुपटीहून जास्त मजबूत भरले. आकडे स्वच्छ होते. कुणीही तेच केलं असतं. पुस्तकांत हे मिश्रण दिलेलंच आहे, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात मात्र ती करड्या सिमेंटच्या ढिगापाशी थांबली नाही. ती आणखी दोन रांगा पुढे गेली आणि पांढऱ्या सिमेंटची पिशवी उचलली. चुन्यात मिसळलं की रंगावरून ओळखू येत नाही असं. गाडीत बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की पुस्तकातलं मिश्रण वापरणाऱ्या माणसाला पांढरं सिमेंट शोधावं लागत नाही. पण तोवर गाडी चालू झाली होती.

रविवारी दुपारी काकू काकांना तपासणीला घेऊन गेल्या. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, पण हवा मऊ होती, अठरा अंश. कादंबरीने तीन तासांत चार थर चढवले, आत माती भरून ठोकली, आणि खिडकीतून नुसता ढीग दिसावा अशा जुन्या रजया वर टाकल्या. उरलेले दोन थर बुधवारी दुपारी, लॅबमधून लवकर येऊन, काका झोपलेले असताना. रिकामी पिशवी तिने लॅबच्या कचऱ्यात टाकली. बुरुजावरच्या रजया रात्रीसाठी बाजूला काढून ठेवल्या.

काका उठून खिडकीशी आले, तेव्हा ती हात धूत होती.

"हे काय?" ते म्हणाले. मग वॉकर पुढे सरकवून काचेजवळ आले. "पुरा केलास तू?"

"हवा चांगली होती. चुनाही मुरलेला होता, पटकन धरला."

"धरला?"

"धरला काका."

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. दिवाळी झाली की सांगू, असं तिने ठरवलं.

शनिवारी पस्तीस-चाळीस माणसं आली. मंडळाचा सेक्रेटरी देवदत्त, पुण्याचा, आयटीतला, आल्या आल्या म्हणाला, "काका, यार, हे परमिट घेऊन केलंत का? एवढं सॉलिड तर माझं टाउनहाउसही नाही." लोक हसले. काकांनी कानटोपी घातली होती, खांद्यावर शाल, वॉकर अंगणाच्या फरशीवर सोडून ते काठीवर उभे होते. देवदत्तची मुलगी रुही, आठ वर्षांची, बुरुजावर मावळे मांडत होती.

"इज इट अ रिअल कासल?" तिने विचारलं.

"रिअल," काका म्हणाले. "तू सांग, शत्रू कुठून येईल?"

"फ्रॉम द पार्किंग लॉट."

"मग तुझे पहारेकरी स्वयंपाकघराकडे तोंड करून का उभे आहेत?"

"दे आर हंग्री," रुही म्हणाली, आणि काकांना इतकं हसू आलं की काकूंनी पाठीवर हात ठेवला.

मग त्यांनी गड दाखवला. वळणाची वाट, जंगी, टाकं. आणि शेवटी बुरुजावर तळहात आपटून म्हणाले, "आणि हे सगळं चुन्यात. अस्सल. चमचाभरही सिमेंट नाही. ही मुलगी साक्षीला आहे."

सगळ्यांनी कादंबरीकडे बघितलं. तिने मान हलवली. होकारार्थी.

माणसं आत फराळाला गेली तेव्हा काका मागे रेंगाळले. "कादंबरी," ते म्हणाले, "आता कृष्णाला तोंड दाखवता येईल मला." एवढंच म्हणून ते वॉकर घ्यायला वळले.

दिवाळी झाली. नंतर थँक्सगिव्हिंग आलं, मग बर्फ. अठरा डिसेंबरला ती खास सांगायला म्हणून वर गेली, तर काकू म्हणाल्या, आज जेवले पोटभर, नुकतेच झोपलेत. जानेवारीत पारा उणे चोवीसला गेला. प्रत्येक आठवड्यात न सांगण्याला नवं कारण सापडत गेलं, आणि प्रत्येक कारण मागच्यापेक्षा थोडं कमी पटणारं होतं.

ज्या मेबद्दल काकू बोलल्या होत्या, तो येईल असं आता दिसू लागलं होतं. नव्या गोळ्या लागू पडल्या. फेब्रुवारीत हार्ट अडतीस टक्क्यांवर आलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ वितळलं आणि काका काठी घेऊन स्वतःच्या पायांनी अंगणात गेले.

भिंत उभी होती. बुरूज पोटाशी फुगला होता, आणि बाहेरच्या बाजूचे दगड गवतात पडले होते. कादंबरी ऑफिसातून आली तेव्हा ते दोघंही तिथेच होते. तिने पडलेले दगड मोजले. सत्तेचाळीस. दोन मधोमध चिरलेले.

"थंडी," काकू म्हणाल्या. "एवढ्या उशिरा बांधला, दुसरं काय होणार?"

"थंडी असती तर आधी वरचे थर गेले असते," काका म्हणाले. "हा पोटातून गेलाय. मागच्या मातीत पाणी साचलं, गोठलं, तिने ढकलला. भिंतीमागे माती नाही, म्हणून भिंत राहिली." ते काठीवर ओणवे होऊन बघत होते. "तिथेही असंच होतं. भिंत उभी आणि बुरूज गेलेला."

 मग काठीने एक पडलेला दगड उलटवून ते म्हणाले, "म्हणजे चुन्यातलाही पडतोच."

त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. मुलाला, अनिशला, फ्रीमाँटला फोन लावला आणि अर्धा तास बोलले. बुरूज पडला हे सांगताना आवाज जवळजवळ आनंदी होता. "अरे, मातीचा दाब! सांध्यात काय भरलं याचा संबंधच नाही. मी चोपन्न वर्षं उगाच त्या सिमेंटला धरून बसलो."

काकू कादंबरीला हळूच म्हणाल्या, "इतका हलका माणूस मी लग्नानंतर बघितला नाही गं. पडला ते बरंच झालं."

कादंबरी खाली तळघरात जाऊन बसली. न सांगणं आता सोपं झालं होतं. नुसतं सोपं नाही, चांगुलपणाचंही. म्हातारा माणूस सुखी होता. कृष्णा गवंडी तर केव्हाच गेला होता. एक मेलेला गवंडी चुकीचा ठरला तर कुणाचं काय जाणार होतं? तिने हा विचार नीट, पायरीपायरीने करून पाहिला, आणि दर वेळी तो त्या म्हाताऱ्या गवंड्यापाशी येऊन अडत होता, ज्याच्यावर सगळे दोनदा हसले होते.

दोन दिवसांनी काकांनी तिला अंगणात बोलावलं. त्यांच्या हातात झिपच्या दोन पिशव्या होत्या. दोन्हींत सांध्यातल्या चुन्याचे तुकडे. पिशव्यांवर काळ्या मार्करने लिहिलेलं, एकीवर भिंत, दुसरीवर बुरूज.

"हे तुझ्या लॅबमध्ये तपास," ते म्हणाले.

"कशाला काका? तुम्ही सांगितलंत ना, मातीचा दाब."

"तो माझा अंदाज. मला सोयीचा अंदाज. असल्या अंदाजावर एकदा विश्वास ठेवला होता मी." त्यांनी पिशव्या तिच्या हातात दिल्या. "दोन्हीकडे चुना सारखाच निघाला, तर मी मोकळा. माझ्या मापात काही गडबड निघाली, तर तेही कळू दे. जे निघेल ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तसं सांगायला तुझी काकू आहे."

"मी सगळं ऐकतेय हं," आतून आवाज आला.

तपासणीला तीन दिवस लागले. खरं तर करायची गरजच नव्हती. एक, दोन, नऊ, ही मापं तिच्या हातानेच घातली होती, वजनात किती टक्के भरतील ते कागदावर एका मिनिटात काढता आलं असतं. तरी तिने ती केली, लंचच्या वेळात, कुणाला न सांगता, प्रत्येक नमुना दोनदा. तुकडे कुटले, चाळले, आम्लात विरघळवले, गाळले, वाळवले, तोलले. आकड्याची ओळ तिने खोडून पुन्हा लिहिली.

रविवारी सकाळी ती वर गेली. काका टेबलाशी चहा घेत होते. काकू पोहे परतत होत्या.

"आणलास रिपोर्ट?"

"आणला."

"बस ना. पोहे घे आधी," काकू म्हणाल्या.

"नको काकू. नंतर." ती बसली नाही. कागद तिने टेबलावर ठेवला, त्यांच्याकडे तोंड करून.

काकांनी खिसे चाचपले. "चष्मा वर राहिला वाटतं. वाच तूच."

कादंबरीने कागद उचलला.

"नमुना एक, भिंत. सिमेंट आढळलं नाही. नमुना दोन, बुरूज. सिमेंट, वजनाच्या आठ पूर्णांक सात टक्के."